तपासणारा आणि वाचणारा

शाळेत इंटरनेट, मोबाइल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप वगैरे आणावं की नाही, हा वाद आमच्याकडे कुठल्याही लग्नकार्यात पंगत उठली की सुरू होतो. एका बाजूला सगळे काका लोक. त्यांच्या मते मोबाइलने पोरं वाया गेली. दुसऱ्या बाजूला पुण्या-बंगलोरची भाचरं. त्यांच्या मते आता शाळेचीच गरज उरलेली नाही, सगळं यूट्यूबवर आहे. मग सगळेजण माझ्याकडे बघतात, कारण मी २९ वर्षं हायस्कूलमध्ये मराठी आणि भूगोल शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं या ना त्या प्रकारे संगणकाशी झटापट केली. पण तिथे धड उत्तर देता येत नाही. दोन वाक्यं बोलते न बोलते तोच आइस्क्रीम येतं. :-)

म्हणून आज इथे सविस्तर लिहिते. काका लोकांपैकी निदान दोघं हे वाचतात, हे मला माहीत आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 'आणावं की नाही' हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातोय. विचारायचं ते असं, की मुलाने लिहिलेलं वाचणार कोण?

जरा खुलासा करते. पहिली ते दहावी एक मूल किती लिहितं याचा अंदाज घ्या. वह्यांचे गठ्ठे होतात. नंतर ते रद्दीत जातात किंवा माळ्यावर. त्या सगळ्या लिखाणाला वाचक किती? एक. मास्तर किंवा बाई. आणि खरं सांगायचं तर तो एकही वाचक नसतो. साठ मुलांच्या वह्या मधल्या सुट्टीत हातावेगळ्या करायच्या असतात तेव्हा कुणी वाचत नाही, तपासतो. लाल पेन, ऱ्हस्वदीर्घ, सही, तारीख, पुढची वही. यात कुणाचा दोष नाही, साठ वह्यांचं गणितच तसं आहे.

मुलांना हे बरोब्बर कळतं. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला की वर्गातल्या सगळ्यांच्या वहीत आकाश काळ्याभोर ढगांनी भरून येतं, विजा कडाडतात आणि बळीराजा सुखावतो. आमच्या राजापूर तालुक्यात चार महिने अक्षरशः पाण्यात काढणारी मुलं हे लिहितात! ज्याच्या घराची कौलं परवा उडाली तोही बळीराजाच सुखावून ठेवतो. कारण त्याला ठाऊक असतं, बाईंना त्याच्या कौलांबद्दल काही जाणून घ्यायचं नाहीये. बाईंना 'बळीराजा'तली वेलांटी दीर्घ आहे का ते बघायचंय.

नीट विचार केला तर हा लिखाणाचा फार विचित्र प्रकार आहे. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याला ते लिहून कळवायचं. आपण मोठी माणसं असं कधी लिहितो का? पत्र लिहितो ते समोरच्याला माहीत नसलेलं सांगायला. मुलांकडून मात्र दहा वर्षं उलटं करून घेतो आणि मग म्हणतो, हल्लीच्या पोरांना चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत.

हे मला काही संगणकामुळे सुचलेलं नाही, आणि हा विचार नवाही नाही. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिणेला बार-सुर-लू नावाच्या गावात सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली होती, त्यामुळे वर्गात तासन्‌तास बोलणं त्यांना झेपत नसे. त्यांनी काय केलं, तर शाळेत एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलांनी आपल्या घरच्या, शेतातल्या, गावातल्या गोष्टी लिहायच्या, स्वतःच खिळे जुळवायचे आणि छापायच्या. आणि ती छापील पानं टपालाने पाठवायची ती थेट फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या समुद्रकाठच्या एका शाळेत. तिथली मुलं आपली पानं इकडे पाठवत. डोंगरातल्या मुलांना समुद्राकडचे वाचक मिळाले आणि समुद्राकडच्यांना डोंगरातले. ही १९२० च्या दशकातली गोष्ट. इंटरनेट सोडा, दोन्हीकडच्या बहुतेक घरांत फोनसुद्धा नसेल.

साधारण त्याच काळात आपल्याकडे अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रोज! तिथे लिहिणारे गुरुजी आणि वाचणारी मुलं, असा उलटा मामला. पण मुद्दा तोच. लिहिलेलं वाचलं जातं, ते वाचायला कुणीतरी थांबलेलं असतं, हे मुलांना रोज डोळ्यांनी दिसत होतं.

तर आता आमच्या शाळेकडे येते.

२०१२ साली पुण्याला एका प्रशिक्षणात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले एक सर भेटले. जेवताना गप्पा निघाल्या. मी नेहमीप्रमाणे पावसाची रडकथा सांगत होते. छत्र्या, ओल्या वह्या, वर्गात गळणारं पाणी, अर्जुनेला पूर आला की बुडणारी राजापूरची बाजारपेठ. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, आमच्या पोरांना हे ऐकवायला हवं. त्यांना खोटं वाटेल." तिथे ठरलं. त्यांचा आठवीचा वर्ग आणि माझा आठवीचा वर्ग. दोन्ही मिळून चौऱ्याहत्तर मुलं. एक ब्लॉग काढायचा, आमंत्रण असेल त्यालाच दिसेल असा. आणि एक सामाईक तक्ता, ऑनलाइन, ज्यात दोन्ही शाळांनी रोजचा पाऊस भरायचा.

पर्जन्यमापक घरी केला. कोल्ड्रिंकची सरळ बाजूंची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी खडे घालून पाणी ओतायचं आणि जिथून बाटली सरळ होते तिथे शून्याची खूण करायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्याचीही तीच वेळ असते. दहावीच्या पुस्तकात पाठ करून जे डोक्यात शिरत नाही ते या बाटलीने आठवीत शिरलं. मिलिमीटर हे पावसाचं माप कसं, लिटर का नाही, हे एकदाही फळ्यावर लिहावं लागलं नाही.

आमच्या संगणक कक्षात दहा यंत्रं होती, त्यातली चार चालत. मराठी टाइप करायला गेलो की अक्षरांच्या जागी चौकोन. जुन्या विंडोज एक्सपीवर देवनागरी दिसायला भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि मग ते यंत्र मूळ सीडी मागत असे. ती सीडी कुणाच्या कपाटात असते हे शाळेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. :-) असो. आठवड्याभरात चारही यंत्रं मराठी बोलू लागली.

जुलैमध्ये आमची बाटली एका रात्रीत भरून वाहिली. पोरांना कोण आनंद! आकडा काय लिहायचा यावर अर्धा तास भांडण. शेवटी 'बाटलीपेक्षा जास्त' असं लिहिलं. आणि शेजारच्या रकान्यात, माणच्या शाळेचा आकडा होता शून्य. आदल्या दिवशीही शून्य. त्याच्या आदल्या दिवशीही. वरपासून खालपर्यंत शून्यांची रांग. आमच्या एका मुलाने ब्लॉगवर लिहिलं, "तुम्ही रोज शून्यच का लिहिता? एकदम महिन्याचं लिहा." तिकडून एका मुलीचं उत्तर आलं, "शून्य लिहायला पण बाटली बघावी लागते. आम्ही रोज बघतो."

त्या उत्तरानंतर आमचा वर्ग थोडा वेळ गप्प बसला होता. मी काही बोलले नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश मी तोवर निदान पंधरा वेळा शिकवला असेन, नकाशा, बाण, सह्याद्री, सगळं. त्या चार शब्दांनी जे केलं ते माझ्या बाणांनी कधी केलं नव्हतं. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांच्या रकान्यात पहिल्यांदा दोन आकडी संख्या आली तेव्हा आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोकणात पावसाला टाळ्या!

२०१२-१३ चा तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. माणमध्ये म्हसवडच्या बाजूला जनावरांच्या चारा छावण्या उघडल्या. त्या वर्गातली काही मुलं घरच्या जनावरांबरोबर छावणीवर राहायला गेली. एक मुलगा आजोबांबरोबर दोन बैल आणि एक गाय घेऊन गेला होता. तो वहीच्या कागदावर लिहायचा, सर मोटारसायकलवरून जाऊन त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचे आणि शाळेत येऊन चढवायचे. वैरणीच्या किती पेंड्या मिळतात, टँकर किती वाजता येतो, रात्री शेजारच्या दावणीतली खोंडं कशी भांडतात. आमच्या मुलांना वैरण, पेंडी, दावण, खोंड, सगळेच शब्द विचारावे लागले. त्यांना आमचे इरलं, सडा, कातळ, पऱ्या विचारावे लागले. दोन्हीकडे मराठीच, पण एकमेकांचा कोश लागला. वर्षअखेरीस तो कोश शंभरेक शब्दांचा झाला. मी मराठीची शिक्षिका, मला तर दिवाळीच.

मग जानेवारीत छावणीतून त्या मुलाचा एक प्रश्न आला. तो जसाच्या तसा आठवतो. "तुमच्याकडे एवढा पाऊस पडतो तर ते पाणी जातं कुठं?"

आता गंमत बघा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यांच्याकडे पाचशेच्या आसपास. पण एप्रिल-मेमध्ये आमच्याही वाड्यांवर टँकर येतो. वर्गातल्या किमान दहा मुलांच्या घरी तो येत होता. त्यांना कधी त्याचं नवल वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी आटतं, टँकर येतो, यात विचारायचं काय? पण माणच्या मुलाला त्याचं नवल वाटलं. आणि त्याला उत्तर देणं भाग होतं, कारण तो वाट बघत होता.

मुलं कामाला लागली. घरी विचारलं. कुणाच्या आजोबांनी सांगितलं, कुणाच्या वडिलांनी विहीर खणणाऱ्याकडे नेलं. जांभ्या दगडाची खाण बघून आली. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही, झिरपून खालच्या अंगाने निघून जातं. वर कातळाचे सडे उघडे, तिथे माती नाही, पाणी पडलं की उताराला लागतं. सह्याद्री समुद्राला इतका जवळ की आमच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, पाऊस पडला की थोड्याच वेळात पाणी खाडीत. साठवायची सोय तुटपुंजी. हे सगळं मुलांनी टिपलं. पाच घरांच्या विहिरींत दर सोमवारी दोरीला दगड बांधून पाणी किती खाली गेलं ते मोजायला लागली. मे महिन्यापर्यंतचे आकडे आहेत. हा प्रकल्प मी दिलेला नव्हता. त्याला गुण नव्हते. तो एका वाचकाने दिला होता.

या सगळ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी होती. चार ओळींच्या वर तिने कधी काही लिहिलेलं नव्हतं. नापास होत नसे, पुढे येत नसे, अशी जी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ज्यांची नावं शिक्षकांना डिसेंबरपर्यंत पाठ होत नाहीत, त्यांतली. तिची वाडी वर सड्याकडे. मार्चपासून घरातल्या बायका पहाटे खालच्या झऱ्यावर रांग लावतात. तिने ते लिहिलं, दीड पान. झऱ्यात वाटीने पाणी भरावं लागतं, एक हंडा भरायला किती वेळ लागतो, आजीचा नंबर कोण धरतं, चढ चढताना कुठे थांबायचं. शुद्धलेखनाच्या चुका म्हणाल तर सतरा. मी मोजल्या, सवयच ती!

आणि तशाच राहू दिल्या. आमचा नियम होता की मुलाने विचारल्याशिवाय बाईंनी पेन उचलायचं नाही. मराठीच्या शिक्षिकेला हे किती जड जातं ते मराठीच्या शिक्षिकेलाच कळेल. माणहून तिला नऊ जणांनी लिहिलं. चुकांबद्दल एकाचंही नाही. एकीने विचारलं, "डोक्यावर दोन हंडे घेता का तीन?" दुसरीने लिहिलं, "आमच्याकडे पण रांग असते, पण आमच्या रांगेत भांडण होतं. तुमच्याकडे होत नाही का?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, पऱ्या कसं लिहायचं? माझं त्यांना वाचता आलं नाही." हा 'ऱ्या' टाइप करणं म्हणजे त्या काळी मोठं दिव्य होतं, अर्ध्या र ची रेफ होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायची. तिने तो अर्धा तास खपून जमवला. मग बाकीच्या चुकाही आपण होऊन विचारल्या. मला त्या दिवशी शुद्धलेखनाचं खरं कारण कळलं. लाल पेन टळावं म्हणून शुद्ध लिहायचं नसतं, पलीकडच्याला वाचता यावं म्हणून लिहायचं असतं.

(ती पुढे लेखिका वगैरे झालेली नाही. व्हायला हवी होती असंही नाही. पण तिला कुणाला काही कळवायचं असेल तर ती कळवू शकते. माझी अपेक्षा एवढीच होती.)

आता दुसरी बाजू. हीच साधनं, पण वाचक काढून टाकला की काय होतं ते मार्च २०२० नंतर सगळ्यांनी पाहिलं. शाळा बंद झाल्या आणि प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. त्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गात एकसष्ट मुलं होती आणि ग्रुपमध्ये अडतीस नंबर. त्यांतले बरेचसे वडिलांचे. वडील सकाळी कामाला जाताना फोन घेऊन जाणार, म्हणजे पोराची शाळा रात्री आठनंतर. वरून येणाऱ्या व्हिडिओंच्या लिंका आम्ही पुढे पाठवायच्या, मुलांनी 'हो मॅडम' लिहायचं, वहीचा तिरपा फोटो पाठवायचा, आम्ही अंगठा दाखवायचा. अडतीस 'हो मॅडम'. जगातलं सर्वांत जलद टपाल हाताशी होतं आणि आम्ही त्याचा फळा करून टाकला होता, तोही डेटा खाणारा.

व्हिडिओ वाईट असतात असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या सलमान खान यांचे (सिनेमातले नव्हेत!) गणिताचे व्हिडिओ जगभर गाजले. पण त्यांची सुरुवात कशी झाली ते बघा. २००४ मध्ये ते दुसऱ्या गावात राहणाऱ्या एका मामे-चुलत नात्यातल्या मुलीला फोनवरून आणि इंटरनेटवरून शिकवत होते. म्हणजे मुळात एक विचारणारी मुलगी होती आणि उत्तर देणारा दादा होता. व्हिडिओ नंतर आले. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी प्रसिद्ध आहेत, डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटली. पण एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करण्याचा त्यांचा जो उपक्रम आहे, तो मला क्यूआर कोडपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. क्यूआर कोडने जग मुलापर्यंत येतं. दुसऱ्याने मूल जगापर्यंत जातं.

मग मी २०२० च्या जूनमध्ये ग्रुपवर एकच बदल केला. आठवड्याला एका मुलाने एक प्रश्न विचारायचा, मला नव्हे, दुसऱ्या कुणाला तरी. आवाज रेकॉर्ड करून. व्हिडिओपेक्षा त्याला डेटा कितीतरी कमी लागतो आणि रात्री आठनंतर अंथरुणात पडल्या पडल्याही करता येतं.

त्या महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावाकडे परतत होते. गावोगावच्या शाळांमध्ये त्यांना विलगीकरणात ठेवत होते. गावात केवढी भीती आणि केवढा राग! रक्ताची माणसं, पण गणपतीला ज्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं त्यांनाच वेशीवर अडवायची भाषा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा चुलत भाऊ असाच मुंबईहून येऊन शाळेत राहिला होता. एका मुलीने ग्रुपवर विचारलं, "आमच्या वर्गात झोपायला कसं वाटतं?" रात्री दहाच्या सुमारास उत्तर आलं, भावाच्या फोनवरून पाठवलेलं. मिनिटभराचा आवाज. फळ्यावर अजून मार्चची तारीख आहे. खिडकीच्या तिसऱ्या बाकावर कुणीतरी कर्कटकाने बोट कोरलंय. रात्री पाऊस आला की पत्र्याचा इतका आवाज होतो की झोप लागत नाही, मुंबईत पावसाचा आवाज येत नाही. आणि शेवटी, "डबा बाहेर ठेवून जाणाऱ्या काकी तोंड फिरवून जातात, त्याचं जरा वाईट वाटतं."

त्या रात्री अडतीस 'हो मॅडम' आले नाहीत. सकाळपर्यंत बावीस आवाज आले. ते बोट मीच कोरलंय, असं एकाने कबूल केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून डबा ठेवायला त्या मुलीची आई जाऊ लागली, लांबूनच, पण तोंड समोर करून. भूगोल त्या आठवड्यात काही शिकवला गेला नाही. मला त्याची खंत नाही.

आता काका लोकांच्या शंकांकडे. त्या रास्त आहेत. उघड्या सोशल मीडियावर मुलांना सोडणं म्हणजे वाचक देणं नव्हे, गर्दी देणं. गर्दी वाचत नाही, लाइक करते किंवा दगड मारते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. यात गैर काही नाही. आमच्या ब्लॉगवरही मुलांचे फोटो नव्हते, आडनावं नव्हती, खाती दोघा शिक्षकांची, आणि दार बंद. मुलाला लाखभर वाचक नकोत. चाळीस पुरेत. कधी कधी एकसुद्धा पुरतो, फक्त तो खरा हवा. त्याला सांगितलेलं माहीत नसावं आणि जाणून घ्यायची इच्छा असावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, सहब्लॉगर मंडळींना चांगलीच ठाऊक असलेली. फुकट मिळणारी जागा आपली नसते. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. किती गप्पा, किती भांडणं, किती कविता गेल्या! आमचे विहिरींचे फोटो ज्या फुकटच्या सेवेवर होते तीही पुढे मिटली. पण २०१३ च्या मे महिन्यात आम्ही दोघांनी आपापल्या शाळेत सगळं छापून घेतलं होतं, झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग. दोन्ही वाचनालयांत एकेक प्रत आहे. कोपरे दुमडलेत, म्हणजे वाचली जाते. फ्रेने गुरुजींचं छपाईयंत्र शेवटी उपयोगी पडलं म्हणायचं.

आणि सध्याचा कळीचा मुद्दा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आता कुठलंही पोर दहा सेकंदांत 'पावसाळ्यातील एक दिवस' काढून दाखवतं. काळेभोर ढग, बळीराजा, सगळं जागच्या जागी, वेलांट्या बिनचूक. माझ्या अजून नोकरीत असलेल्या मैत्रिणी हवालदिल झाल्या आहेत. मला वाटतं, या यंत्राने नवीन काही बिघडवलेलं नाही. तपासणाऱ्यासाठीच लिहायचं असेल तर ते यंत्राने का लिहू नये? तपासणाऱ्याला बिनचूक मजकूर हवा होता, तो मिळाला. पण छावणीतला मुलगा विचारतोय की तुझ्या विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं. हे यंत्राला माहीत नाही. त्यासाठी सोमवारी दोरी घेऊन विहिरीवरच जावं लागतं.

शिक्षक असाल आणि हे करून बघावंसं वाटलं, तर फार काही लागत नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या मुलखातला एक शिक्षक मित्र शोधा. शहर-खेडं, डोंगर-समुद्र, ऊस-भात, काहीही चालेल, पण दोन्हीकडे दुसऱ्याला माहीत नसलेलं काहीतरी हवं. रोज मोजता येईल अशी एक छोटी गोष्ट सामाईक ठेवा, म्हणजे बोलायला विषय संपत नाही. साधन जे हाताशी असेल ते. आणि पहिले दोन महिने लाल पेन कपाटात.

नातेवाईक असाल तर त्याहून सोपं. घरातल्या भाचरांनी, नातवंडांनी फॅमिली ग्रुपवर काही लिहिलं, चित्र टाकलं, गाणं म्हणून पाठवलं, तर नुसता अंगठा किंवा 'छान हं बाळा' पाठवू नका. एक प्रश्न विचारा, खराखुरा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा. आणि उत्तराची वाट बघा.

माणचे सर अजून दर जूनला मला आकडा कळवतात. बाटली तीच नाही, पट्टी मात्र तीच आहे म्हणे. यंदा त्यांचा पहिला पाऊस पडला की इथे कळवीनच.